लेखणी खाली ठेवण्याचा हक्क

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव परिसरात ओळखले जाते ते मिरचीच्या बाजारासाठी. चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका लिहिणाऱ्यांनी मुंबईत आपल्या मोबदल्यासाठी झगडावे, अमेरिकेतील त्यांच्या समव्यवसायींनी पाच-पाच महिने संप करावा, याच्याशी या गावाचा संबंध काय, असा प्रश्न तेथील कोणी विचारला तर तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. पावसाने ओढ दिली की पीक जाते आणि आवक वाढली की भाव जातो, अशा मुलखात पटकथाकारांची गाऱ्हाणी ही दूरच्या, सुखवस्तू माणसांची गाऱ्हाणी वाटणे स्वाभाविक आहे.

तरीही हा संबंध आहे आणि तो दुहेरी आहे. पहिला संबंध ग्राहकाचा. दिवसभराची कामे आटोपल्यावर घराघरांतून ज्या मालिका पाहिल्या जातात आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जे चित्रपट तुकड्यातुकड्यांनी पाहिले जातात, त्यांतील प्रत्येक वाक्य कोणीतरी लिहिलेले असते. दुसरा संबंध अधिक महत्त्वाचा आहे. ज्या कराराखाली ते वाक्य लिहिले जाते त्या कराराचे स्वरूप मराठवाड्याला परके नाही. पाडव्याला ठरलेल्या एकरकमी सालावर वर्षभर राबणारा सालगडी आणि मुकादमाची उचल अंगावर घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारे ऊसतोड जोडपे यांना तो करार वाचून दाखविला, तर त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. आगाऊ थोडी रक्कम द्यायची, कामाची मर्यादा मोघम ठेवायची, हिशेब आपल्या वहीत ठेवायचा आणि उरलेले पैसे केव्हा द्यायचे ते आपण ठरवायचे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

एक पीक, अनेक बाजार

मालिकेचे लेखन हे एका माणसाचे काम नसते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी त्याची वाटणी झालेली असते. आठवड्याला पाच-सहा भाग प्रक्षेपित व्हायचे तर तेवढेच भाग लिहून व्हावे लागतात. एखादी कलाकार आजारी पडली, प्रेक्षकसंख्येचे आकडे घसरले, वाहिनीच्या अधिकाऱ्याचे मत बदलले, की लिहिलेले रद्द होते आणि रातोरात नवे लिहावे लागते. मोबदला बहुधा दर भागामागे ठरलेला असतो. तो भाग प्रक्षेपित झाल्यानंतर काही आठवड्यांनी, पुष्कळदा काही महिन्यांनी, हातात पडतो. रद्द झालेल्या भागाचे काय, हा प्रश्न करारात अनेकदा अनुत्तरितच असतो. निर्मात्याला वाटेल तेव्हा लेखकाला दूर करता येते. पुढे खटला उद्भवला तर त्याची जबाबदारी मात्र लेखकाने घ्यावी, असेही कलम करारात आढळते.

याहून गंभीर बाब मालकीची. शेतकरी मिरची विकतो, ती कोणीतरी खातो आणि व्यवहार संपतो. भाव पडला तर शेतकऱ्याचे नुकसान होते हे खरे. परंतु व्यापारी तीच मिरची दहा वर्षांनी पुन्हा विकू शकत नाही. लिहिलेल्या कथेचे तसे नाही. ती एकदा विकत घेतली की चित्रपटगृहात विकता येते, वाहिनीला विकता येते, इतर भाषांत तिचे रूपांतर करता येते, महाजालावरील मंचांना विकता येते, आणि वीस वर्षांनी एखादे नवे यंत्र निघाले तर त्या यंत्रासाठीही विकता येते. प्रत्येक विक्रीत नवा नफा होतो. त्या नफ्यासाठी नवे लेखन करावे लागत नाही. म्हणूनच लेखकाच्या लढ्यातील मध्यवर्ती मागणी केवळ मजुरीच्या दराची नसते. आपल्या श्रमांचे फळ जितक्या वेळा विकले जाईल तितक्या वेळा त्यात आपला वाटा असावा, अशी ती मागणी असते. ही मागणी अवाजवी वाटणाऱ्यांनी मराठी व्यावसायिक रंगभूमीकडे पाहावे. तेथे नाटककाराला दर प्रयोगामागे मानधन देण्याची प्रथा रूढ आहे. प्रयोग झाला की पैसे, शंभर झाले तर शंभरदा पैसे. या प्रथेने मराठी नाट्यव्यवसाय बुडाला असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

नावाचा आणि दामाचा प्रश्न

महाराष्ट्रात हा प्रश्न चित्रपटाने जन्माला घातलेला नाही. तमाशाच्या फडासाठी लावण्या आणि वग रचणाऱ्यांची स्थिती पाहिली तर त्याची मुळे किती खोल आहेत हे ध्यानात येते. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले. जातीचे कुंपण ओलांडून ते फडात उतरले आणि त्यांच्या लावण्या अवघ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसल्या. १९४५ साली पुण्यात त्यांचा अंत झाला तो विपन्नावस्थेत. ‘गाढवाचं लग्न’ या वगाची कीर्ती दादू इंदुरीकरांच्या अभिनयाने घरोघर पोहोचली आणि ते श्रेय त्यांचे आहेच. पण तो वग हरिभाऊ वडगावकरांनी लिहिला, हे आज जत्रेतल्या किती प्रेक्षकांना सांगता येईल?

अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण तर अधिक जवळचे आणि अधिक बोचणारे आहे. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे करणाऱ्या या लेखकाच्या कादंबऱ्यांवर ‘वैजयंता’, ‘फकिरा’ यांसारखे चित्रपट निघाले. चित्रपटसृष्टीला त्यांच्या कथा हव्या होत्या यात शंका नाही. तरी त्यांचे आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत गेले आणि १९६९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्यापाशी संपत्ती म्हणावी असे काही नव्हते. श्रमिकांच्या हक्कांसाठी ज्याने हयात वेचली त्याला स्वतःच्या लेखनश्रमाच्या हक्कासाठी कोणत्याही संघटनेचा आधार मिळाला नाही, ही गोष्ट चळवळीनेही विसरता कामा नये. लेखक हा प्रचाराला उपयोगी पडणारा कलावंत, असे पाहण्याची सवय डाव्या चळवळीलाही होतीच. तो स्वतः श्रमिक आहे, हे सूत्र घोषणांत पुष्कळदा आले, मागणीपत्रात क्वचितच आले.

नावाच्या प्रश्नाला कोणी क्षुल्लक समजू नये. १९७३ साली ‘जंजीर’ प्रदर्शित झाला तेव्हा जाहिरातफलकांवर लेखकांची नावे नव्हती. सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी रंगारी लावून मुंबईतील फलकांवर ती रंगवून घेतली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. पुढे या जोडीला भरपूर पैसा आणि मान मिळाला. म्हणूनच ती हकिगत आज गमतीने सांगितली जाते. तिचा खरा अर्थ मात्र असा, की यशस्वी लेखकालाही आपले नाव स्वतःच्या खर्चाने लावून घ्यावे लागले. ज्याच्याजवळ रंगाऱ्याला द्यायला पैसे नव्हते त्याचे नाव फलकावर आले नाही.

इतरत्र काय घडले

लेखकांनी एकत्र येऊन मालकांशी बोलणी करण्याचा इतिहास दोन-अडीच शतकांचा आहे. ‘फिगारो’चा कर्ता बोमार्शे याने १७७७ साली पॅरिसमधील नाटककारांना एकत्र केले, कारण तेथील प्रमुख नाट्यसंस्था उत्पन्नाचा खरा हिशेब लेखकांना दाखवीत नव्हती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये नाट्यप्रयोगावरील लेखकाचा हक्क कायद्याने मान्य झाला. फ्रान्समधील नाट्यलेखकांची संस्था आजही आपला उगम त्या बैठकीत शोधते. या इतिहासातील पहिली मागणी दरवाढीची नव्हती, हिशेबाची वही उघडी करण्याची होती, हे लक्षणीय आहे.

अमेरिकेत पटकथालेखकांचा संघ १९३३ साली उभा राहिला. लेखक हे कलावंत आहेत, कामगार नव्हेत, म्हणून त्यांना संघटनेचे संरक्षण नको, असा युक्तिवाद चित्रपट कंपन्यांनी केला. १९३८ साली तेथील राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने तो फेटाळला आणि स्टुडिओत लिहिणारे लेखक हे कायद्याच्या दृष्टीने कर्मचारी आहेत असा निर्णय दिला. त्यानंतरचे सारे संप या निर्णयाच्या पायावर उभे आहेत. १९६० साली जानेवारीपासून जूनपर्यंत संप झाला. त्यातून निवृत्तिवेतन व आरोग्य निधी मिळाला आणि चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविला तर लेखकाला पुन्हा पैसे देण्याचे तत्त्व मान्य झाले. १९८८ साली पाच महिने संप चालला. २००७-०८ चा संप शंभर दिवसांचा होता आणि महाजालावरून होणाऱ्या प्रदर्शनाचा मोबदला हा त्यातील कळीचा मुद्दा होता. २ मे २०२३ रोजी सुमारे साडेअकरा हजार लेखकांनी काम थांबविले ते १४८ दिवस. मध्येच, जुलैत, नटनट्यांचा संघही संपात उतरला. मुंबईतील पटकथालेखकांच्या संघटनेनेही त्यांना पाठिंबा दिला.

या संपातून जे मिळाले त्याचा तपशील पाहण्यासारखा आहे. एखाद्या महाजाल-मंचावरील कार्यक्रम पहिल्या नव्वद दिवसांत देशातील वीस टक्के किंवा अधिक वर्गणीदारांइतक्या प्रेक्षकांनी पाहिला तर लेखकाला जादा रक्कम मिळेल; मालिकेच्या लेखनकक्षात किमान किती लेखक नेमावेत हे ठरेल; आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या मजकुराला लेखकाचे लेखन मानले जाणार नाही. यंत्राने कच्चा मसुदा काढायचा आणि लेखकाला निम्म्या दरात तो दुरुस्त करायला लावायचा, ही वाट त्यामुळे अडविली गेली. कारखान्यात नवे यंत्र आले की मालक प्रथम मजुरीच्या दराला हात घालतो, हा शंभर वर्षांचा अनुभव लेखकांनी वेळीच ओळखला.

मुंबईचा अनुभव

मुंबईत लेखकांची संघटना आहे, ती श्रमिक संघ कायद्याखाली नोंदलेली आहे आणि पश्चिम भारतातील चित्रपट कर्मचाऱ्यांच्या महासंघाशी तिचे नाते आहे. मराठीतही मालिका, नाटक आणि चित्रपट यांच्या लेखकांनी ‘मानाचि’ ही संघटना उभी केली आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये महासंघाने थकलेली मजुरी, कामाचे बेसुमार तास आणि करार न पाळणे या मुद्यांवर काम बंद केले, तेव्हा एक लाखाहून अधिक सदस्यांच्या वतीने ती हाक दिली गेली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मालिकांचे चित्रण थांबले आणि वाहिन्यांना जुने भाग पुन्हा दाखवावे लागले. १९८६ सालीही मुंबईची चित्रपटसृष्टी बंद पडली होती. पण तो बंद राज्य शासनाच्या करांविरुद्ध होता आणि त्यात निर्माते व तारेतारका आघाडीवर होते. मालकाच्या खिशाला हात लागला तेव्हा सारा उद्योग एक झाला. मजुराची मजुरी थकली तेव्हा मजुराला एकट्यालाच उतरावे लागले. हे दोन बंद शेजारी ठेवले की उद्योगाच्या ‘एका कुटुंबा’ची भाषा किती पोकळ आहे ते दिसते.

कायद्याच्या आघाडीवर लेखकाचा प्रवास आणखी खडतर आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की चित्रपटासाठी मोबदला देऊन गीत वा संगीत करवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक निर्माता ठरतो. पस्तीस वर्षे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांवर हा निर्णय दगडासारखा बसून राहिला. अखेर मे २०१२ मध्ये संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर झगडले. २१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने चित्रपटातील साहित्य व संगीत यांच्या कर्त्याला, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता, इतर उपयोगांच्या स्वामित्वशुल्कात समान वाटा दिला. आणि हा वाटा लेखकाला करारानेही सोडून देता येणार नाही असे बंधन घातले. हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे. गरजू माणसाची सही ही खुशीची सही नसते, हे तत्त्व कायद्याने त्यात मान्य केले. किमान वेतनाच्या कायद्यामागे हेच तत्त्व आहे.

पण कागदावरचा हक्क वसूल करायला सामूहिक बळ लागते, आणि तेथे कायदा पाठ फिरवतो. २००१ साली भोपाळच्या भारत भवनातील नाट्यकलावंतांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सर्जनशील काम करणारे कलावंत औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार ठरत नाहीत. २०१७ साली भारतीय स्पर्धा आयोगाने एका निर्मात्याच्या तक्रारीवरून चित्रपट कर्मचाऱ्यांचा महासंघ, त्याच्या घटक संघटना आणि निर्मात्यांच्या संस्था यांचे काही व्यवहार स्पर्धाविरोधी ठरविले आणि ते थांबविण्याचा आदेश दिला. दंड मात्र केला नाही. सदस्यांनाच काम द्या, असा आग्रह हा त्यातील एक मुद्दा होता. अशा आग्रहाचा दुरुपयोग होतो आणि नवख्या माणसाला दाराबाहेर ठेवण्यासाठी तो वापरला जातो, ही टीका सर्वस्वी निराधार नाही. संघटनांनी तिचा विचार केला पाहिजे. परंतु लेखक कामगार नाही म्हणून त्याला संपाचे संरक्षण नाही, आणि तो स्वतंत्र व्यावसायिक आहे म्हणून इतरांशी मिळून दर ठरविणे म्हणजे स्पर्धेला बाधा, या दोन भिंतींच्या मध्ये तो सापडतो. अमेरिकेतील लेखकाने स्टुडिओला मालकी दिली आणि बदल्यात कर्मचाऱ्याचे हक्क मिळविले. फ्रान्समधील लेखकाने मालकी राखली आणि संस्थेमार्फत वसुली केली. भारतातील लेखकाची मालकी करारात जाते आणि कामगाराचे हक्क व्याख्येत अडकतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेतील कामगाराच्या व्याख्येत पत्रकारांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे लेखणी चालविणारा माणूस कामगार असू शकतो, हे शासनाला मान्य आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेत दृक्‌श्राव्य कामगारांसाठी लेखी कराराची तरतूद आहे. तिच्या व्याख्येत नट, गायक, वादक, निवेदक, नर्तक यांची नावे आहेत, लेखकाचे नाही. ‘कलात्मक काम’ या व्यापक शब्दांत त्याला बसविता येईल, परंतु तेथेही नोकरीवर असण्याची आणि मोबदल्याच्या मर्यादेची अट आहे. बातमी लिहिणारा कामगार आणि कथा लिहिणारा नव्हे, हा भेद कोणत्या न्यायाने केला, याचे उत्तर शासनाने दिले पाहिजे. शिवाय ज्यांना कामगार म्हटले आहे त्यांच्याही संपावर नव्या संहितेने पूर्वसूचनेची अट सर्व उद्योगांना लावून बेड्या घातल्या आहेतच.

आक्षेप आणि संपाची किंमत

लेखकांच्या संपावर तीन आक्षेप घेतले जातात. लेखक श्रीमंत असतात, हा पहिला. मूठभर असतात; पण मूठभर कादंबरीकारांच्या सुबत्तेवरून साऱ्या लेखकांची स्थिती ठरविणे म्हणजे दोन-चार बागायतदार पाहून मराठवाड्यात दुष्काळ नाही असे म्हणण्यासारखे आहे. एक लेखक गेला तर दारात दहा उभे आहेत, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे, आणि तोच संघटनेचे सर्वांत मोठे कारण आहे. नाक्यावर उभ्या असलेल्या मजुरांची संख्या दाखवूनच आजवर प्रत्येक मुकादमाने मजुरी पाडली आहे. मराठवाड्यातून मुंबईत जाणारा तरुण लेखक या रांगेतील शेवटचा असतो. ओळख नाही, भाड्याची खोली परवडत नाही, आणि पहिले काम नाव न देता, फुकट किंवा ‘अनुभवासाठी’ करावे लागते.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. लेखक काम थांबवितो तेव्हा चित्रीकरण थांबते आणि रोजंदारीवरचा प्रकाशयोजना-कामगार, रंगभूषाकार, चहा देणारा पोऱ्या यांची चूल आधी विझते. हा आक्षेप टाळून चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांची जी वाताहत पाहिली, तिचा धडा येथे लागू आहे. मालकाजवळ साठलेला माल होता, भिवंडीसारख्या ठिकाणचे यंत्रमाग चालू होते, आणि कामगाराजवळ पोटापलीकडे शिल्लक नव्हती. मनोरंजन उद्योगात साठलेला माल याहून मोठा आहे. मार्च २०२० मधील टाळेबंदीत ‘रामायणा’च्या जुन्या भागांना देशभर जो प्रेक्षक मिळाला त्याने हे सिद्ध केले, की नवे काही न लिहिता वाहिनी काही काळ सुखाने चालू शकते. इतर भाषांतून भाषांतरित केलेले कार्यक्रम हे या उद्योगाचे यंत्रमाग आहेत. जो संप गोदामाचा हिशेब न करता पुकारला जातो तो भावनेने सुरू होतो आणि उपासमारीने मोडतो.

यावरून संप करू नये असे ठरत नाही. तो कसा करावा एवढेच ठरते. लेखकांनी आपल्या मागणीपत्रात रोजंदारी कामगारांच्या तासांची आणि मजुरीची मागणी पहिल्या पानावर घातली पाहिजे, संपनिधी आधी उभारला पाहिजे, आणि त्या निधीतून प्रथम मदत रोजंदारी माणसाला मिळाली पाहिजे. अमेरिकेत २०२३ साली नटांचा संघ लेखकांच्या पाठोपाठ उतरला तेव्हा मालकांची बाजू लंगडी झाली. जो लेखक स्वतःला वरच्या वर्गाचा समजून तांत्रिक कामगारांपासून दूर राहील, त्याच्या संपाच्या वेळी तेही दूर राहतील.

ऊसतोड कामगारांनी या बाबतीत लेखकांना काही शिकवावे अशी स्थिती आहे. अक्षरशत्रू म्हणून हिणविल्या गेलेल्या या माणसांनी कोयता खाली ठेवण्याचे सामर्थ्य ओळखले, साखर संघाला बोलणीला बसविले आणि करार करून घेतले; जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती पुरेशी होती असे नव्हे, आणि मुकादमाची पिळवणूक संपली असेही नव्हे. पण दर एकेका कोयत्याशी न ठरता सर्वांसाठी एकदम ठरतो, ही गोष्ट त्यांनी मिळविली. पटकथा लिहिणाऱ्या सुशिक्षितांना ती अजून मिळविता आलेली नाही.

करावयाच्या गोष्टी

मागण्या स्पष्ट आणि मोजक्या असाव्यात. दृक्‌श्राव्य कामगाराच्या व्याख्येत कथा, पटकथा, संवाद व गीत लिहिणाऱ्याचा नावानिशी समावेश व्हावा. तो नोकरीवर नसला, कंत्राटावर असला, तरी त्याच्या संघटनेला सामूहिक बोलणी करता येतील आणि त्या बोलण्यांना स्पर्धा कायद्याची बाधा येणार नाही, अशी तरतूद व्हावी. किमान अटींचा एक नमुना करार मराठीत असावा. लिहून घेतलेल्या पण रद्द केलेल्या कामाचे पैसे, ते देण्याची मुदत, श्रेयनामावलीतील नाव आणि यंत्राच्या वापराबाबतची अट ही त्याची किमान कलमे असावीत. लेखकाचे लेखन त्याच्या संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून यंत्राला शिकविण्यासाठी वापरता येऊ नये.

राज्य शासनाच्या हातात तर आजच एक साधन आहे. मराठी चित्रपटांना सार्वजनिक तिजोरीतून अनुदान दिले जाते. ती तिजोरी पिंपळगाव रेणुकाईच्या माणसानेही काडेपेटीपासून खतापर्यंतच्या खरेदीवर कर देऊन भरलेली आहे. लेखक आणि कामगार यांची सर्व देणी भागली, असे त्यांच्या संघटनेचे प्रमाणपत्र आल्याखेरीज अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये, एवढी अट कसोशीने पाळली तरी पुष्कळ काही साधेल. तिच्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याच बरोबर तमाशाच्या वगांची त्यांच्या कर्त्यांच्या नावानिशी नोंद करण्याचे काम विद्यापीठांनी आणि शासनाने हाती घ्यावे. ज्याचे नाव नोंदलेले नाही त्याचा वाटा मागायला कोणी उभा राहू शकत नाही.

प्रेक्षकाचेही काही कर्तव्य आहे. कार्यक्रम संपला की नावे सरकू लागतात आणि पाहणारा उठून जातो. मुंबईत उद्या लेखकांनी काम थांबविले तर ‘मालिका बंद पडली’ म्हणून चिडण्याआधी, ती कोणत्या अटीवर चालू होती याची चौकशी त्याने करावी. मिरचीचा भाव पाडला गेला की शेतकरी बाजार बंद पाडतो, आणि शहरातील ग्राहकाने आपली अडचण समजून घ्यावी अशी त्याची रास्त अपेक्षा असते. तीच अपेक्षा लेखकाने त्याच्याकडून केली तर तिचा अव्हेर करता येणार नाही.

माणूस काय निर्माण करतो यावरून तो श्रमिक आहे की नाही हे ठरत नाही. आपल्या श्रमाची किंमत ठरविण्यात त्याचा शब्द चालतो की नाही यावरून ते ठरते. या कसोटीवर सालगडी, ऊसतोड कामगार आणि दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिणारा लेखक एकाच रांगेत उभे राहतात. काम नाकारण्याचा हक्क ज्याला नाही त्याला करार करण्याचेही स्वातंत्र्य नसते. हा हक्क लेखकाला कायद्याने मिळाला पाहिजे, आणि तोवर त्याने तो संघटनेच्या बळावर वापरला पाहिजे.